सर्व ठीक, असं मी लिहिलं

१७ जानेवारी. दुपारी ज्वारी निवडत बसले होते. भाकरीसाठी नाही. दीड वाटी ज्वारी, खडे काढून, उन्हात तापवून, सुती पिशवीत भरायची होती. पिशवी गोल, तळहाताएवढी, मागून चपटी. भरून झाली की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची, दाणे कमी-जास्त करायचे, आणि मग तोंड शिवून टाकायचं. ती आतल्या कपड्याच्या डाव्या कप्प्यात बसते. माझा डावा स्तन सप्टेंबरात काढला. दुसऱ्या दिवशी मला वैद्यकीय मंडळासमोर उभं राहायचं होतं आणि वर्दीचा शर्ट दोन्हीकडून सारखा बसायला हवा होता. पंचवीस वर्षं मी वर्दीला सुरकुती पडू दिली नाही. आता कशाला पडू देऊ?

शेजारी मंडळाचा फॉर्म पडला होता. सगळा भरला होता, एक रकाना सोडून. ‘लक्षण पहिल्यांदा कधी जाणवले?’

माझे यजमान दिवाकर नांदगाव खंडेश्वरला शाळेत शिकवतात. ते पेपर तपासता तपासता म्हणाले, “मार्च लिही नं. मार्चमधी निदान झालं, मार्च लिही. कोन पाहून राहिलं?”

“मी पाहून राहिली,” मी म्हणाले.

ते पुन्हा पेपरांत डोकं घालून बसले. गेल्या वर्षात ते बरंच गप्प बसायला शिकले आहेत.

हे मी वर्दीतल्या बायकांसाठी लिहिते आहे, आणि ज्यांना दुखणं लपवायची सवय आहे त्या सगळ्यांसाठी. औषधांची नावं लिहिणार नाही. ती तुमचे डॉक्टर सांगतील.

पट्टा

आधी काम सांगते, म्हणजे चूक कळेल.

माझं माहेर अकोला, सासर अमरावती. शाळेत मी लांब पल्ल्याची धावपटू होते. विसाव्या वर्षी सरहद्दीवरच्या दलात भरती झाले. बर्फ पहिल्यांदा एकविसाव्या वर्षी पाहिला. तोवर बर्फ म्हणजे रसवंतीतला. माझी छाती चांगली म्हणून मला बायथलॉनच्या पथकात घेतलं. पाठीवर रायफल घेऊन स्कीवर पळायचं. मध्ये थांबून पन्नास मीटरवरच्या पाच चकत्यांवर पाच गोळ्या झाडायच्या. झोपून मारताना चकती लिंबाएवढी, उभ्याने मारताना पुरीएवढी. एक गोळी चुकली की शिक्षा म्हणून दीडशे मीटरचा एक जादा फेरा. पाच चुकल्या तर पाच फेरे. मी अकरा हंगाम धावले. देशात आठ पदकं मिळाली. दोनदा परदेशात गेले आणि दोन्ही वेळा शेवटच्या दहांत आले. नंतर उस्ताद झाले, म्हणजे नव्या मुलींना शिकवायला लागले.

रायफल साडेतीन किलोची. ती दोन पट्ट्यांनी पाठीवर असते. शिवाय डाव्या दंडाला एक पट्टा घट्ट बांधतात. झोपून नेम धरताना तो रायफलीला अडकवायचा. या सगळ्याने डाव्या काखेशी घट्टे पडतात. आम्ही ते एकमेकींना दाखवायचो, बाया नवी पाटली दाखवतात तशा.

म्हणून निदानाच्या अकरा महिने आधी, एप्रिलात, आंघोळ करताना काखेजवळ काहीतरी कडक हाताला लागलं तेव्हा मी म्हणाले, पट्ट्याचं आहे. जूनमध्ये ते वाढलं. पट्टा बदलला. जुलैत वार्षिक तपासणी झाली. तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, काही तक्रार? मी म्हणाले, नाही. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, मी सही केली.

मी घाबरत होते ते आजाराला नाही. वर्दीतल्या माणसाला आजारापेक्षा वैद्यकीय श्रेणी घसरायची भीती जास्त. श्रेणी घसरली की पहाडावरून खाली, एखाद्या कार्यालयात, फायलींच्या मागे. मी पंचवीस वर्षांत किती जणांना तसं जाताना पाहिलं होतं. ते परत वर आलेले मात्र पाहिले नव्हते.

निदान

मार्चमध्ये सुट्टीवर अकोल्याला आईकडे गेले. आई एकाहत्तरची आहे. मी गेले की ती मला खाली बसवून पाठीला तेल चोळते. नको म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. त्या दिवशी तिचा हात काखेपाशी थांबला.

“हे काय वं?”

“पट्ट्याचं आहे, आई. रायफलीच्या.”

“पट्टा काय काखीत शिरला?” ती पुढ्यात येऊन बसली. “खरं सांग मंगे. कधीपासून आहे?”

“झाले दोन-चार महिने.”

“काहून खोटं बोलतं? लहानपनी खोटं बोलतानी तुही मान ताठ होये. आताबी झाली.”

दुसऱ्या दिवशी तिनेच रिक्षा बोलावली.

तपासण्या चार दिवस चालल्या. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कर्करोग आहे, काखेतल्या गाठींपर्यंत गेला आहे, उपचार लगेच सुरू करू. माझ्या शिष्या होतील एवढ्या त्या लहान होत्या. मी बोटं मनगटावर ठेवून नाडी मोजली. ती माझी सवय आहे. गोळीच्या आधी धावून धडधडणारं काळीज काही सेकंदांत खाली आणायचं, हेच माझं शिक्षण. खुर्चीत नुसती बसलेली असताना नाडी एकशे अठ्ठावीस होती. खाली आणायचा प्रयत्न केला. आली नाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “रडत काहून नाई तू?”

“रडून काय होईल?”

“मंग मले तरी रडू दे,” म्हणून ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि रडली. मी पाण्याची बाटली आणून शेजारी उभी राहिले. पंधरा मिनिटांनी तिने तोंड धुतलं. “चाल. घरी जाऊन भाकरी टाकतो.”

दिवाकर अमरावतीहून संध्याकाळच्या बसने आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “माह्यापासूनबी लपवलं?” ते तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. आजारी बाईवर रागावायचं नसतं असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर रागावू द्यावं. राग आतल्या आत राहिला तर घरात जास्त जागा खातो.

एकवीस दिवसांचा हिशोब

एप्रिलपासून दर एकवीस दिवसांनी सलाइनमधून औषध. सकाळी आठला खुर्चीत, दुपारी तीनला सुटका. पहिला आठवडा वाईट, दुसरा बरा, तिसऱ्यात माणूस पुन्हा माणसासारखा. मी या वेळापत्रकाला छावणीचं वेळापत्रक मानलं आणि त्याने मदत झाली. पुढून बटणं असलेला सैल झगा शिवून घ्या. तोंड आलं की ताक आणि थंड भाताची पेज. केस गळायची वाट पाहू नका, आधीच काढून टाका. भेटायला येणाऱ्या नातेवाइकाला काम सांगा: पिठाची गिरणी, रिपोर्ट आणणं, काहीही. काम नसलं की ते तुमच्याकडे बघत बसतात.

शेजारच्या खुर्चीत अचलपूरच्या शमीमआपा असायच्या. साठीच्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांची शस्त्रक्रिया आधी झालेली होती. एक दिवस म्हणाल्या, “तुमचं ऑपरेशन झालं की बाजारातलं महागडं काही आणू नका. अन् कापूसबी भरू नका. आपल्याकडे कापूस म्हटलं की सगळ्याइले वाटते, भरला की झालं. कापूस हलका असते बहन, चालताना वर चढते. दोन घंट्यात गळ्यापाशी. जवारी भरा. वजन असते.”

“आणि पावसात कोंब फुटले तर?”

“तं मले बोलवा. हुरडा खाऊ.”

आम्ही इतक्या हसलो की सिस्टरने येऊन दोघींच्या सुया तपासल्या.

लिंबाभोवती

आता जे लिहिते आहे ते डॉक्टरांना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, औषधांमुळे असं होऊ शकतं. असेल. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. जे दिसलं ते लिहिते.

दुसऱ्या खेपेला, मे महिन्यात, सलाइन चालू असताना मी खिडकीबाहेर पाहत होते. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाचं झाड आहे, त्याला गोल पार आहे. अकोल्यात त्या दिवशी डांबर मऊ झालं होतं. पाराभोवती एक बाई फेऱ्या मारत होती. बर्फात घालायचा पांढरा पोशाख, टोपी, पाठीवर रायफल. डाव्या हातात हातमोजा होता, उजव्या हातात नव्हता. बुटांवर बर्फ होता आणि तो वितळत नव्हता.

मी ओळखलं. मी फेरे मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. ती थांबली नाही.

तिचं नाव अंगमो. हिमाचलातल्या लाहौलकडची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, नवरा वारलेला, गावी आजीपाशी पाच वर्षांची मुलगी. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही पथक शर्यतीसाठी वरच्या छावणीत होतो. पथक शर्यतीत तिघी निघतात आणि तिघींनी पोचायचं असतं. एक गळाली तर पथक बाद. मी पथकाची प्रमुख होते. दर सकाळी तब्येतीचं रजिस्टर मी भरायचे.

शर्यतीच्या आदल्या सकाळी अंगमो माझ्या तंबूत आली. म्हणाली, रात्रभर डोकं दुखतंय, रजिस्टरात लिहायचं का? लिहिलं असतं तर डॉक्टरांनी तिला खाली पाठवलं असतं. उंचीवर डोकेदुखीला कोणी हसण्यावारी नेत नाही. मीच नेलं. मी म्हणाले, “सर दुख रहा है तो समझो सर है.” तंबूतली तिसरी मुलगी खो खो हसली. अंगमोही हसली. मी तिला एक गोळी दिली. गोळी घ्यायला तिने उजव्या हातातला मोजा काढला. रजिस्टरात मी लिहिलं, सर्व ठीक.

सरावात तिच्या पाचही गोळ्या चुकल्या. अंगमोच्या पाच गोळ्या कधीच चुकत नसत. ती शिक्षेचे पाच फेरे मारायला गेली आणि तिने आठ मारले. मी मोजत होते. सहाव्याला मला वाटलं, चेष्टा करते आहे. सातव्याला मी ओरडले, “बस कर, मेडल नाही मिळणार!” आठव्याला ती बर्फात बसली. उजवा हात उघडाच होता. मोजा परत घालायचा असतो हेच ती विसरली होती.

मेंदूला सूज आली होती. दुपारी हवा बिघडली, रस्ता बंद झाला, हेलिकॉप्टर येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, आधी काही तक्रार केली होती? मी म्हणाले, नाही. रजिस्टर समोर होतं. त्यात माझंच अक्षर होतं.

अंगमोच्या आईने मला दर हिवाळ्यात फोन केला. दरवेळी एकच म्हणाली, शेवटी तू तिच्याजवळ होतीस, एवढं बरं झालं. दरवर्षी सुकवलेल्या जर्दाळूंची पिशवी पाठवली. मी ते जर्दाळू कधी खाल्ले नाहीत. कार्यालयात वाटून टाकले.

नंतरच्या प्रत्येक खेपेला ती लिंबाभोवती होती. मी मोजायचे. पाचला ती कधीच थांबली नाही. एकदा शमीमआपांनी विचारलं, “हरेक बारी कोनाले मोजता हो?” मी टाळाटाळ केली नाही, सांगून टाकलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं. त्यांना फक्त पार दिसला, आणि पाराशेजारी झोपलेलं कुत्रं.

“काही विचारून राहिली असंल ती,” त्या म्हणाल्या.

“काय विचारणार?”

“ते तुमाले माहीत.”

श्वास

सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली, ऑक्टोबरात किरणोपचार सुरू झाले. शस्त्रक्रियेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुखतं, मग कमी दुखतं. पहिल्यांदा आरसा पाहाल तेव्हा एकट्या पाहू नका किंवा मुद्दाम एकट्याच पाहा, पण आधी ठरवून पाहा. माझ्या वेळी आईच मागे उभी होती. म्हणाली, “सपाट झालं. लहानपनी होती तशीच दिसून राहिली.” ते खरंच होतं.

काखेतल्या गाठी काढल्याने डावा हात सुजतो. त्या हातात सुई नाही, रक्तदाब नाही, वजन नाही, घट्ट काही बांधायचं नाही. रायफलीचा पट्टा त्याच दंडाला बांधतात. म्हणजे नेमबाजी संपली. डॉक्टरांनी हे मला सांगितलं नाही. त्यांना माहीतच नव्हतं. मीच घरी येताना बसमध्ये, मूर्तिजापूरच्या पुढे, हिशोब जुळवला.

डाव्या बाजूच्या किरणांत हृदय वाचवायला श्वास भरून धरावा लागतो. यंत्रावरचा मुलगा काचेपलीकडून सांगायचा, “श्वास घ्या... धरा.” बायका आठ-दहा सेकंदांत सोडतात. मी तीस सेकंद हलले नाही.

“काकू, तुमी योगा करता काय हो?”

“नाही. बंदूक चालवते.”

त्यानंतर तो माझ्याशी जरा जपून बोलायला लागला.

आमच्यात श्वास सोडून धरतात, इथे भरून. एवढाच फरक. पण त्या तीस सेकंदांत अंग स्थिर झालं की डोकं मोकळं होतं, आणि मोकळ्या डोक्यात मला स्कीचा आवाज ऐकू यायचा. चर्र, चर्र. बंद खोलीत, यंत्राभोवती. सहा. सात. आठ. “सोडा,” असं काचेपलीकडून आलं की आवाज थांबायचा. सव्वीस दिवस रोज.

घरच्यांनी विचारलं, भीती कशाची वाटते? मरायची, मी म्हणायचे, कारण ते त्यांना समजलं असतं. मला भीती वाटत होती बरं होण्याची. बरी झाले तर मला जर्दाळूंची पिशवी पुन्हा उघडावी लागणार होती.

फोन

तर १७ जानेवारी. पिशवी शिवून झाली होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन वाजला. डोल्मा. अंगमोची मुलगी.

ती आता वीस वर्षांची आहे. आईच्याच दलात भरती झाली, मागच्या हंगामात माझ्याच हाताखाली स्की शिकली. मला उस्तादजी म्हणते. मी तिच्याशी इतरांपेक्षा कडक वागायचे आणि तिला त्याचा अभिमान वाटायचा. वरच्या छावणीत एकाच खडकापाशी मोबाइल लागतो. तिथून ती बोलत होती. मागे वारा होता. ती हिंदीत बोलते, मी मराठीत लिहिते आहे.

“उस्तादजी, उद्या तुमचं मेडिकल बोर्ड ना? पास व्हा आणि लवकर या. इथे आम्हाला कोणी शिव्याच देत नाही.”

“तू कशी आहेस?”

“मस्त. परवा पथक शर्यत. मला घेतलंय. आईच्या जागेवर, तीन नंबर.”

“आवाज बसलाय तुझा.”

“थंडी आहे हो. कालपासून डोकं थोडं...” ती हसली. “सर दुख रहा है तो समझो सर है!”

मी फोन कानावर घट्ट दाबला.

“हॅलो? उस्तादजी? इथे सगळे हेच म्हणतात. छावणीतला जुना डायलॉग आहे.”

पंधरा वर्षं. मी ते वाक्य त्या सकाळनंतर एकदाही उच्चारलं नव्हतं. तंबूत हसलेल्या तिसऱ्या मुलीने पुढे नेलं असेल, तिच्याकडून आणखी कोणी. वाक्य वर राहिलं होतं आणि अंगमोच्या मुलीची वाट पाहत होतं.

“रजिस्टरात काय लिहिलंस?” मी विचारलं.

“सर्व ठीक.”

“आत्ता डॉक्टरकडे जा.”

“जी.”

त्या ‘जी’चा अर्थ मला माहीत आहे. मी तो आयुष्यभर वापरला आहे. मी फोन ठेवला आणि छावणीच्या नियंत्रण कक्षाचा नंबर लावला. तो मला पाठ आहे. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा लागला. ड्युटीवरचा नर्सिंग सहायक म्हणाला, “मॅडम, रजिस्टरात तर सर्व ठीक आहे.”

“रजिस्टर राहू द्या. तिला पकडून आणा आणि टाचेला चवडा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालवा. मी फोन धरून आहे.”

“मॅडम, परवा शर्यत आहे, तिघीच आहेत...”

“मला माहीत आहे किती आहेत. आणा तिला.”

दिवाकर पेपर सोडून दारात येऊन उभे राहिले. मी नाडी मोजली नाही. दहा मिनिटांनी सहायकाचा आवाज बदललेला होता. चौथ्या पावलाला ती एका बाजूला कलंडली होती; मेंदूला सूज चढायला लागली की तोल असाच जातो. रस्ता उघडा होता. साडेसातला तिला गाडीत घालून, प्राणवायूची नळी लावून, खाली घेऊन निघाले. पथक बाद झालं.

गाडीतून तिने मला एक संदेश पाठवला. ‘माझी शर्यत तुम्ही संपवलीत. आईची जागा होती ती.’

दिवाकरांनी तो वाचला. “पोट्टी आहे. रागात लिवलं. समजंल तिले.”

“तिला काय समजेल? मी सांगितलंच नाही तर?”

“काय सांगाचं आहे?”

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. त्यांनी काट्यावरची ज्वारीची पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि खिशातला पेन वर ठेवला. रिकाम्या रकान्यात मी लिहिलं: ‘एप्रिल, निदानाच्या अकरा महिने आधी.’ त्याखाली लिहिलं: ‘जुलैच्या तपासणीत मी लपवले.’ श्रेणी जाईल. जाऊ दे.

डोल्माला मात्र मी त्या संध्याकाळी फोन केला नाही. ती गाडीत होती, नळी लावलेली होती, अशी कारणं होती. खरं कारण एवढंच की मला धीर झाला नाही.

१८ जानेवारी

सकाळी साडेपाचला उठले. वर्दी चढवली. पिशवी बसली, शर्ट दोन्हीकडून सारखा. दिवाकरांनी स्कूटरवरून बडनेरा स्टेशनला सोडलं आणि त्यांना शाळा होती म्हणून ते निघून गेले. मंडळाच्या गावी जाणाऱ्या गाडीला वीस मिनिटं होती. फलाटावरच्या बाकावर बसून मी आधी खालच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, धोका टळला, चहा पिते आहे, कोणाशी बोलत नाही.

मग डोल्माला लावला. तिने उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता, जरा जड, पण सरळ.

“डोल्मा,” मी म्हणाले, “तो जुना डायलॉग माझा आहे. पहिल्यांदा मी तो तुझ्या आईला म्हणाले होते. शर्यतीच्या आदल्या सकाळी.”

तिने फोन ठेवला नाही. माझी गाडी फलाटाला लागली. लोक चढले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. मी तिकडे पाहिलं नाही.

“पुढे सांगा,” डोल्मा म्हणाली.

मी गाडी जाऊ दिली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.